तितर, चित्तूर, लावे: शिकार बंद झाली, मग पक्षी कमी का होतायत?

माळकरी (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय मांडतोय.

आपल्याकडे रानपक्ष्यांची शिकार कायद्याने पूर्ण बंद होऊन तीस वर्षांवर काळ लोटला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला लहान शिकारीसाठी परवान्याची सोय होती, आणि तितर, लावे, पखुर्ड्या (इंग्रजीत सँडग्राउस) त्यात मोडत. १९९१ च्या दुरुस्तीने ती सोयही काढून टाकली. बंदूक गेली, तर पक्षी वाढायला हवे होते.

आमच्या करमाळ्याकडे उलटंच दिसतंय. पहिल्या पावसानंतर माळावर चित्तूर, म्हणजे ठिपक्यांचे तितर, ओरडायला लागले की एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा अशी साद पार पलीकडच्या टेकाडापर्यंत जायची. आता एखादाच ओरडतो आणि त्याला उत्तर येत नाही. पखुर्ड्यांचे थवे सकाळी ऊन चढल्यावर ठरल्या वेळी पाणवठ्यावर उतरायचे, तेही विरळ झालेत. लावे तर गवतातून पायाखालून भुर्रकन उठायचे, छातीत धस्स व्हायचं. ते उठणंच बंद झालंय.

दोन प्रश्न आहेत. तुमच्या भागात काय दिसतं? आणि शिकारबंदीने नक्की काय साधलं, काय राहून गेलं? काही देशांत शिकारीच्या परवान्याच्या पैशातून पक्षी वाचवतात असं वाचलंय. त्यावरही जाणकारांनी लिहावं.

---

तृणपाते

उत्तम विषय. वाचनखूण साठवली आहे. सविस्तर प्रतिसाद रात्री देते.

---

नानासाहेब_क

माझ्या वडिलांकडे लहान शिकारीचा परवाना होता. दुनळी बंदूक, आठ नंबरचे छर्रे. दिवाळीनंतर बाजरी निघाली की ते आणि त्यांचे दोन मित्र शेताशेतातून चालत जायचे. आम्ही पोरं मागून, पडलेला पक्षी शोधायला. तितर पडला तर सापडायचा, लावा मात्र वाळक्या धाटांत पडला की डोळ्यासमोर असून दिसायचा नाही, इतका रंगाने मिसळून जातो.

मुद्दा असा की तेव्हा तीन बंदुका दिवसभर फिरल्या तरी पुढच्या वर्षी पक्षी तेवढेच असायचे. त्याच शेतांत आता ऊस आहे, बारमाही. बाजरी नाही, मटकी नाही, हुलगा नाही. बांधावरची बोरीची जाळी नाही. बंदूक तर कधीच मोडीत निघाली. तितर त्या उसात काय करणार?

---

वकीलसाहेब

नानासाहेबांशी अर्धा सहमत. वतनदारांची नि हौशी लोकांची बंदूक गेली हे खरं, पण शिकार गेली हे खरं नाही. शिकारीचं रूप बदललं.

आता रात्री तीव्र प्रकाशाची विजेरी आणि हातजाळं घेऊन निघतात. लाव्याचा आवाज मोबाईलवरून छोट्या स्पीकरला जोडून शेतात लावून ठेवायचा, भोवती जाळं अंथरायचं, पहाटे गोळा करायचं. यात नेम लागत नाही, परवाना लागत नाही, आणि मोजदाद तर नाहीच. दुनळीवाला दिवसाकाठी चार पक्षी मारायचा. जाळ्यात अख्खा थवा येतो.

कायदा कडक आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची दोनमधल्या पक्ष्यांसाठीही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण चार लावे पिशवीत घेऊन दुचाकीवर जाणाऱ्याला अडवणार कोण?

---

सुगरण_सई

एक भाबडा प्रश्न. हायवेच्या ढाब्यांवर बटेर हंडी मिळते, ती याच पक्ष्यांची का? आमच्या घरच्यांना ती फार प्रिय आहे, आता धागा वाचून घास घशाखाली उतरेना.

---

वकीलसाहेब

@सुगरण_सई, फार्मवर वाढवलेला जपानी लावा असेल तर निश्चिंत राहा, तो कोंबडीसारखाच पाळीव. तो क्रेटमधून, फार्मच्या बिलासह येतो. "आज रानातला आलाय, जरा महाग पडेल" असं कानात सांगितलं की मात्र उठून निघावं. तो गुन्हा आहे, आणि फक्त विकणाऱ्याचा नाही.

---

सुगरण_सई

धन्यवाद! घरी हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला आहे. पुढच्या वेळी हंडीआधी बिल मागणार म्हणतात.

---

विदर्भकन्या

माझं माहेर कारंजाकडचं. आमच्याकडे फासेपारध्यांचे बेडे, म्हणजे वस्त्या, आहेत, लहानपणापासून येणंजाणं आहे. शिकार म्हटली की लोक पहिलं बोट त्यांच्याकडे दाखवतात, म्हणून थोडं लिहिते.

फासे जवळून पाहिलेत का कोणी? एका लांब दोरीला हातभर अंतरावर बारीक खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीला एक फास. पूर्वी घोड्याच्या शेपटीचे केस वळून करायचे, नंतर नायलॉन आलं. ही माळ गवतात उभी केली की दोन पावलांवरूनही दिसत नाही. तितर धोका दिसला की आधी पळतो, उडतो अगदी शेवटी. त्याच्या पळण्याची वाट कुठली हे ज्याला ठाऊक त्यालाच फासा लावता येतो. काही जण शिकवलेल्या गायीच्या आडोशाने पक्ष्यांना हळूहळू त्या बाजूला सरकवत नेतात. गाय चरत चरत जाते, मागे माणूस वाकून चालतो. पिंजऱ्यातला पाळलेला तितर ओरडवून रानातल्या नराला बोलावणं तर सगळ्यांनाच माहीत आहे.

एवढं बारीक ज्ञान असलेल्या समाजाला इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलं. १९५२ ला तो शिक्का कागदावरून पुसला, लोकांच्या मनातून अजून पुसायचा आहे. जुन्या जाणत्यांचे नियमही होते. फाशात सापडलेली गाभण हरणी आणि पाडस सोडून द्यायची फासेपारध्यांची रीत माधव गाडगीळांनी नोंदवली आहे.

तणमोर कुठल्या गवतात नाचतो, चित्तूर कुठे अंडी घालतो, हे वनखात्याच्या कोणत्याही नकाशापेक्षा बेड्यावरच्या म्हाताऱ्यांना जास्त ठाऊक आहे. त्यांना रखवालदार म्हणून पगार द्या. रान त्यांच्याशिवाय राखलं जाणार नाही असं माझं ठाम मत आहे.

---

वकीलसाहेब

@विदर्भकन्या, ताई, प्रतिसाद आवडला. मी जे जाळेवाले म्हणालो ते पारधी नव्हेत हे स्पष्ट करतो. माझ्या पाहण्यातल्या प्रकरणांत गाडी-घोडा बाळगणारी, सुट्टीची मजा म्हणून निघणारी मंडळी जास्त होती.

---

कॅन्सासकर

मी गेली काही वर्षं अमेरिकेत कॅन्सासमध्ये राहतो, म्हणून परवान्याच्या प्रश्नाला हात घालतो.

इथे नोव्हेंबरात फेझंट आणि बॉबव्हाइट लाव्यांचा हंगाम सुरू होतो. फेझंटचे दिवसाला चार, तेही फक्त नर. लावे आठ. परवाना काढावा लागतो आणि त्याचा पैसा राज्याच्या वन्यजीव खात्याकडे जातो. शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, तो राज्यांना अधिवासाच्या कामासाठी परत मिळतो. शेतकऱ्याने आपली पडीक जमीन शिकाऱ्यांना चालायला खुली ठेवली तर खातं त्याला मोबदला देतं. म्हणजे शेतकऱ्याला गवत राखण्यात चार पैसे दिसतात. आपल्याकडे गवत राखणाऱ्याला काय मिळतं?

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर जाहिरात केल्यासारखं होईल. एवढं सगळं असूनही बॉबव्हाइट १९६६ पासून ८० टक्क्यांहून जास्त घटलाय. शिकाऱ्यांनी मारला म्हणून नव्हे. काठापासून काठापर्यंत मका आणि सोयाबीन, मधली झुडपांची रांग साफ, तणनाशकाने जमीन चकचकीत. बॉबव्हाइट रात्री थव्याने गोल करून, शेपट्या आत आणि तोंडं बाहेर करून जमिनीवर बसतो. त्याला आडोसा लागतो, तोच उरला नाही. २०१९ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाप्रमाणे १९७० पासून उत्तर अमेरिकेतले जवळजवळ तीन अब्ज पक्षी कमी झाले, आणि सर्वांत मोठा फटका गवताळ प्रदेशातल्या पक्ष्यांना बसला.

आणि फेझंट मुळात इथला नव्हेच. १८८१ मध्ये चीनमधून आणून ऑरेगॉनमध्ये सोडलेला पक्षी.

---

तृणपाते

आले एकदाची.

@कॅन्सासकर, फक्त नर मारायचा नियम फेझंटला चालतो, कारण एक नर अनेक माद्यांना पुरतो आणि नर-मादी लांबून ओळखू येतात. आपला तितर जोडीने राहतो. नर-मादी दिसायला जवळपास सारखे, फरक काय तो नराच्या पायावरच्या आरीचा, म्हणजे टोकदार नखीचा. उडत्या तितराची आरी कोण बघणार? तो नियम इथे उचलून आणता येणार नाही.

दुसरं म्हणजे किती मारायचे हे ठरवायला आधी किती आहेत हे कळावं लागतं. २०२३ च्या 'भारतातील पक्ष्यांची स्थिती' अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे, पण दीर्घकालीन कल फक्त ३३८ जातींचा काढता आला. त्यातल्या ६० टक्के घटत्या निघाल्या. ही सारी माहिती हौशी पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर उभी आहे. लावे, दुर्राव यांच्यासारखे गवतात दडून बसणारे पक्षी त्या नोंदींत कमीच येतात, उठले नाहीत तर दिसतच नाहीत. एवढ्या तोकड्या माहितीवर बंदुकीचा परवाना द्यायला माझा सक्त विरोध आहे.

---

रानवाटा

मला मूळ गृहीतकच पटत नाही. तितर कमी झालाय असं मी म्हणणार नाही. पुण्याच्या पूर्वेला, दौंड-शिरूरकडे, वेड्या बाभळीच्या प्रत्येक गचपणात तितर आहेत. रात्री काटेरी झाडावर बसतो, दिवसा उकिरड्यावर वाळवी उकरतो, गावाच्या कडेने आरामात राहतो. मोर तर वाढलेच आहेत.

गेले ते वेगळे. चित्तूर, पखुर्डी, धाविक, तणमोर, माळढोक. ज्यांना मोकळं, आखूड गवताचं रान लागतं ते सगळे. एकाच मापाने मोजू नका.

---

माळकरी

@रानवाटा, हा फरक महत्त्वाचा आहे. आमच्याकडेही ओढ्याच्या वेड्या बाभळीत तितर आहेत. माळावरचे गेले.

---

यॉर्कशायरी_कोल्हापूरकर

इंग्लंडमध्ये राखाडी तितर (ग्रे पार्ट्रिज, आपल्या तितराहून वेगळी जात) हा अगदी जुना शिकारीचा पक्षी. १९६०च्या दशकापासून ९० टक्क्यांहून जास्त घटला. ससेक्समध्ये १९६८ पासून त्यावर सलग अभ्यास चालू आहे. निघालं काय, तर पिल्लांना पहिले दोन आठवडे किडे लागतात. तणनाशकाने तण मेलं, तणावरचे किडे गेले, पिल्लं उपाशी मेली. घट मुख्यतः मोठे पक्षी मारल्यामुळे नव्हती. उपाय म्हणून शेताच्या कडेचा काही मीटर पट्टा फवारणीविना सोडायला लागले, तिथे पिल्लं जगायला लागली.

आपल्याकडे असा पट्टा वेगळा करायची गरजच नव्हती. त्याला बांध म्हणत होतो.

---

बांधावरून

बांधाचा विषय काढलात, आता आम्हाला बोलू द्या. मी शेतकरी, बार्शी तालुका.

बांध कुठं राहिलेत? पहिलं वाटण्या झाल्या. आठ एकराचे दोन-दोन एकर झाले. मग ट्रॅक्टर आला. दोन्हीकडून बांध कोरायला सुरुवात. आमच्या गावात भावाभावात जेवढी भांडणं बांधावरून झाली तेवढी कशावरून झाली नसतील. सहा हाताचा बांध वीतभर राहिला, त्याच्यावर बोर-बाभळ काय उगवणार? उरल्यासुरल्यावर तणनाशक मारायचं. मजुरीचे दर बघा आणि मग सांगा खुरपणी परवडते का. कोणी पक्षी मारायला फवारत नाही, पण पक्ष्याचं पोट त्याच गवतावर असतं हे खरंय.

आणि उन्हाळ्यात बांध पेटवायची खोड. एप्रिल-मेमध्ये तितर अंड्यावर असतो. मी स्वतः विझलेल्या बांधावर अंडी बघितलीत. काळी पडलेली, हात लावला की कवच फुटून आत शिजलेलं. आई जवळच झुडपात ओरडत होती. तेव्हापासून आमच्या वस्तीवर कोणी बांध पेटवत नाही, मी पेटवू देत नाही.

पण शहरातल्या पक्षीप्रेमींनी एक ध्यानात घ्यावं. आमच्या रानात डुकरं, हरणं येऊन पीक खातात, पंचनाम्याला हेलपाटे घालावे लागतात. त्यावर कोणी आठ दिवसांनी लेख लिहीत नाही. लाव्यासाठी बांध राखा म्हणणाऱ्यांनी राखणाऱ्याला काय देणार तेही सांगावं. तो कॅन्सासवाला भाऊ म्हणतोय ते मला पटलं. बंदूक नको, पण गवताचा मोबदला पाहिजे.

---

विदर्भकन्या

बांधावरून दादा, हा धाग्यातला सर्वांत मोलाचा प्रतिसाद.

---

नानासाहेब_क

सहमत. आमच्याकडेही अगदी असंच.

---

रानवाटा

माळांचंही बांधासारखंच झालं. सरकारी दप्तरात माळ म्हणजे पडीक. पडीक म्हटलं की कुणीही यावं आणि विकास करावा. आधी सलग समतल चर खणायचे, मग त्यात गिरिपुष्प लावायचं. पाच वर्षांत चांगला गवताळ उतार झाडांच्या रांगांनी भरतो आणि फोटोत हिरवागार दिसतो. त्यात चित्तूर राहत नाही, धाविक तर मुळीच नाही. झाडं लावणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, म्हणून तर त्यांना थांबवणं कठीण. वृक्षारोपणाला विरोध म्हणजे निसर्गाला विरोध असं समजलं जातं.

अलीकडे इंदापूरच्या कडबनवाडीला वनखात्याने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. लोक पैसे मोजून गवत बघायला येतात, गावातल्या पोरांना वाटाडे म्हणून काम मिळतं. अशी गावं वाढायला हवीत.

---

चैत्रपालवी

अवांतर: आपला राज्यपक्षी हरियाल हाही एकेकाळी शिकाऱ्यांचा आवडता. वड-उंबर पिकले की झाडाखाली बंदूक घेऊन बसायचे, अशी वर्णनं आजोबांकडून ऐकलीत. आणि सलीम अलींची सुरुवातही छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीपासूनच झाली. गळ्यावर पिवळा डाग पाहून ती कुठली म्हणून विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत (बीएनएचएस) गेले.

---

तृणपाते

@चैत्रपालवी, अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. पूर्वी पक्षी जवळून ओळखणारे बरेचसे शिकारीच होते.

सोलापूरजवळच्या नान्नजचं उदाहरण कोणी काढलं नाही म्हणून लिहिते. माळढोकसाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात सोलापूर-नगरची गावंच्या गावं, लोकांच्या खासगी जमिनी आल्या. खरेदी-विक्रीला अडचण, बांधकामाला अडचण. लोकांना माळढोक नकोसा झाला. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, तोवर पक्षी हातचा गेला होता. आज देशात माळढोक जेमतेम दीडशेच्या घरात, बहुतेक राजस्थानात. बंदी लोकांच्या डोक्यावर लादली तर पक्ष्याचं नावच शिवीसारखं घेतलं जातं. लाव्या-तितराच्या बाबतीत हे होऊ देऊ नका.

---

कॅन्सासकर

@तृणपाते, नर-मादीचा मुद्दा बरोबर आहे. मीही बंदुकीचा परवाना आणा असं म्हणत नाही. शिकाऱ्याच्या जागी पर्यटक, पशुपालक किंवा सरकार असो, गवताच्या मालकाच्या हातात पैसा पडला पाहिजे एवढंच. आणि मेंढपाळांना विसरू नका. धनगरांची मेंढरं फिरती असतात, एक माळ चरला की दुसरा, तोवर पहिला परत उभा राहतो. ते कायमचे हाकलले की गवताची काळजी करणारंही कोणी उरत नाही.

---

भटक्या_कुत्र्यांचा_वैरी

कोणीच कुत्र्यांबद्दल लिहिलं नाही! माळावर टाकलेल्या पोल्ट्रीच्या कचऱ्यावर पोसलेली टोळकी जमिनीवरचं एकही घरटं सोडत नाहीत. पाच-सहा जण रांग धरून गवत विंचरत जातात. चारही बाजूंनी नाक लावून फिरणाऱ्या टोळीपुढे मादी काय करणार? कचरा टाकणाऱ्यांना आधी पकडा.

---

संपादक

नाव बदलून घेण्याचा विचार करावा ही नम्र विनंती. मुद्दा योग्य आहे. कुत्र्यांवर स्वतंत्र धागा आहे, सविस्तर चर्चा तिथे करावी.

---

माळकरी

सगळ्यांचे आभार. एवढी चर्चा होईल असं वाटलं नव्हतं.

मूळ प्रश्नाला माझं उत्तर आता असं. बंदी उठवू नये. तिने बंदूक थांबवली, आणि ती पुन्हा सुरू केली तर उरलेसुरले चित्तूर पहिल्या हंगामातच संपतील. जाळी आणि रात्रीच्या विजेऱ्या मात्र बंदीने थांबलेल्या नाहीत, तिथे पकडापकडी व्हायला हवी. पण सगळे जाळेवाले उद्या आत गेले तरी माझ्या माळावर चित्तूर परत येणार नाहीत, कारण माळाचा निम्मा भाग नांगरला गेलाय आणि निम्म्यावर रोपवन आहे. आमच्या गावच्या गायरानाचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. तिथे चर खणायचा ठराव येत्या ग्रामसभेत येतोय. मी आणि दोन मेंढपाळ कुटुंबं मिळून त्याला विरोध करणार आहोत. गवत राखून चारा कापणीचा लिलाव करावा, कापणी पक्ष्यांची पिल्लं उडाल्यावर, दिवाळीनंतर, असा पर्यायी ठराव लिहितोय. कुणाकडे असा झालेला ठराव असेल तर नमुना द्या.

---

बांधावरून

ठरावात कापणीची तारीख स्पष्ट घाला. "पावसाळ्यानंतर" लिहिलं तर ठेकेदार सप्टेंबरातच विळा घालेल. आणि लिलावाचे पैसे कशाला जाणार तेही लिहा. शाळेच्या कंपाउंडला म्हणा, सगळे हात वर करतील.

---

विदर्भकन्या

आमच्याकडच्या एका गावाचा ठराव आहे माझ्याकडे. व्यक्तिगत निरोपातून पाठवते.

---

नवा_वाचक

उशिरा आलो, पूर्ण धागा एका बैठकीत वाचला. आमच्या शेताकडे परवा रात्री विजेऱ्या फिरताना दिसल्या, सकाळी ज्वारीत जाळ्याचा तुकडा सापडला. कुणाला कळवायचं? गावातलेच असतील तर माझं नाव बाहेर पडेल ही धास्ती आहे.

---

वकीलसाहेब

@नवा_वाचक, वनखात्याची १९२६ ही मोफत हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा आणि नाव गुप्त ठेवायला सांगा. जाळ्याचा तुकडा उचलू नका. जागेवरच, शेताची खूण मागे दिसेल असा फोटो काढा. गाडी दिसली असेल तर नंबर, निदान रंग आणि आलेली दिशा लिहून ठेवा. रात्री एकट्याने अडवायला जाऊ नका. जाळं लावणारे बहुधा दोन-चार रात्री त्याच पट्ट्यात येतात, म्हणून फोन आजच करा.

---

नवा_वाचक

केला फोन. संध्याकाळी वनरक्षक येतो म्हणाले आहेत.